जुन्या स्वेटरची रंगीत बंडी : शिलाई सोपी, हिशोब अवघड



या आठवड्याच्या व्हिडिओत मी जुन्या स्वेटरांतून लहान मुलाची रंगीत बंडी कापून-शिवून दाखवली. व्हिडिओ पंधरा मिनिटांत संपला, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की पंधरा मिनिटांचंच काम आहे. तसं नाही. शिवाय हिशोब दाखवायला वेळच उरला नाही आणि खरा धडा तर तिथेच आहे. म्हणून सगळं इथे लिहून देते. वही-पेन जवळ ठेवा, आकडे येणार आहेत.

ज्यांनी पहिल्यांदाच वाचायला घेतलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. रिठदला माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, धागे, बटणं, लेस आणि पिको-इंटरलॉकचं काम. बीबीए केल्यावर सगळे म्हणाले पुण्याला जा. मी गेले नाही. दुकान टाकलं, त्यातून शिकले, चुकले, आता इतरांना शिकवते. स्वेटरचं काम हे माझ्या चुकांपैकी सगळ्यात महागडी चूक होतं आणि आता हिवाळ्यात दुकानाचा गल्ला तेच सांभाळतं.

आधी माल कुठून येतो ते समजून घ्या

वाशिम-रिसोड भागातला हिवाळा लहान. दिवाळी झाली की गारवा, संक्रांतीनंतर ओसरायला लागतो. पण तेवढ्या दिवसांसाठी प्रत्येक घरात दोन-चार स्वेटर असतातच. नवीन स्वेटरचं मोठं उत्पादन पंजाबात लुधियानाला होतं. अकोला-नागपूरकडे हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, ती तुम्ही पाहिली असतील. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळी स्वेटरचा धंदा हा देशभरातल्या तिबेटी कुटुंबांचा मोठा आधार आहे. थोड्या आठवड्यांत वर्षभराची कमाई करायची म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता प्रश्न हा की हे स्वेटर जुने झाले की जातात कुठे? थोडे पायपुसणं होतात, थोडे गोठ्यात, थोडे बुजगावण्याच्या अंगावर. बाकीचे भांडेवालीकडे. पुण्या-मुंबईकडे तिला बोहारीण म्हणतात. पाच-सहा कपडे द्या, एक स्टीलचा डबा घ्या. तिच्याकडचे चांगले कपडे जुन्या बाजारात परत विकले जातात आणि अगदी गेलेला माल चिंधीत जातो.

लोकरी चिंधीचं मोठं गाव म्हणजे हरियाणातलं पानिपत. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण आज तिथे परदेशातून जुने लोकरी कपडे येतात, ते फाडून, पिंजून त्याचा परत धागा करतात आणि त्यातून घोंगड्या-ब्लँकेटं विणतात. या धाग्याला शॉडी म्हणतात. ही युक्ती १८१३ साली इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने काढली असं मानतात. आपल्याला त्यातून घ्यायची गोष्ट एकच. पानिपतच्या कारखान्यांत पहिलं काम काय असतं? बटणं, चेन काढायची आणि कपडे रंगाप्रमाणे वेगळे करायचे. लाल ढिगातून लाल धागा निघतो, निळ्यातून निळा, म्हणजे परत रंगवायचा खर्च वाचतो. रंग निवडणं हे हौसेचं काम नाही, त्यात पैसा आहे. आपणही तिथूनच सुरुवात करायची.

कापायच्या आधी

स्वेटर उन्हाळ्यात गोळा करा. एप्रिल-मे मध्ये लोक कपाटं रिकामी करतात, तेव्हा स्वेटरला कोणी विचारत नाही. तोच स्वेटर डिसेंबरात मागायला गेलात तर "राहू द्या, शेतात घालायला होईल" असं उत्तर येतं. आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हासारखी फुकट सोय दुसरी नाही. कोमट पाण्यात साबण लावून धुवायचे, उलटे करून दोन दिवस चांगल्या उन्हात टाकायचे. ही पायरी वगळू नका. कोणाच्या घरचा, कसा ठेवलेला स्वेटर आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि आपण तो लेकरांच्या अंगावर घालणार आहोत.

मग बघायचं, स्वेटर कशाचा आहे. लेबल असेल तर वाचा. नसेल तर आतल्या शिवणीजवळचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला, आग आपोआप विझली आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. वितळून भराभर पेटला, काळा धूर निघाला आणि मागे कडक मणी राहिला, तर अ‍ॅक्रिलिक. माझ्या अनुभवात आपल्याकडे येणाऱ्या दहांतले आठ-नऊ स्वेटर अ‍ॅक्रिलिकच असतात. लोक सगळ्यालाच लोकरीचा म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नका.

हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की यूट्यूबवरच्या परदेशी व्हिडिओत स्वेटर गरम पाण्यात धुऊन आटवतात. लोकर आटते, तिचे धागे एकमेकांत गुंतून जाड फेल्ट होतं आणि मग कसंही कापा, उसवत नाही. अ‍ॅक्रिलिकला हे लागू नाही. मी पहिल्या वर्षी पातेलंभर उकळतं पाणी केलं, सहा स्वेटर त्यात बुडवले, आटला एकही नाही. उलट दोन ढगळ होऊन लोंबायला लागले. तीच गत इस्त्रीची. गरम इस्त्री लागली की अ‍ॅक्रिलिक मरतो. म्हणजे फुगीरपणा जातो, चपटा चमकदार डाग पडतो आणि तो परत नीट होत नाही. इस्त्री करायचीच असेल तर वर ओलं सुती फडकं, त्यावरून हलकी गरम इस्त्री आणि दाबायचं नाही.

लोकरीचा सापडला तर तो वेगळा ठेवा, डांबरगोळ्या घालून. कसर लोकरीला लागते, अ‍ॅक्रिलिकला लागत नाही.

कापणी आणि शिवण

आता व्हिडिओतलं माप लिहून घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलाची छाती साधारण २३ इंच धरू. स्वेटर ताणतो, म्हणून ३ इंच सैल पुरे. तयार बंडी २६ इंच गोलाईची, म्हणजे पुढचा भाग १३, मागचा १३. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवण, म्हणून कापायचं १४. प्रत्येक भाग तीन आडव्या पट्ट्यांचा : खालची ६ इंच, मधली ५, वरची साडेसहा. एकूण साडेसतरा. दोन जोडांत २ इंच आणि खांद्याला अर्धा इंच जातो, तयार उंची १५ इंच.

खालची पट्टी कापताना स्वेटरची मूळ बॉर्डर तशीच ठेवायची. ही सगळ्यात मोठी बचत आहे. बॉर्डर कारखान्यातच विणलेली असते, ती उसवत नाही, दुमडावी लागत नाही. बाहीच्या टोकाची बॉर्डरसुद्धा फेकू नका. ती बाळाच्या टोपीला लागते. पूर्ण बाही तर सोन्यासारखी आहे : मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या दोन बाह्या म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाच्या पायजम्याचे दोन पाय, मध्ये जोड आणि वर इलॅस्टिक. काम झालं.

पट्टी कापताना स्वेटर हाताने ताणून बघा. आडवा जास्त ताणतो, उभा कमी. तो आडवा ताण अंगाभोवती आला पाहिजे. उलटा कापलात तर बंडी मुलाच्या डोक्यातून जाणार नाही आणि खाली मात्र लोंबेल. दुसरं, एकाच बंडीत जाड-पातळ मिसळू नका. जाड केबलच्या विणीला पातळ स्वेटर जोडला की पातळ बाजू चुणते. तुमची शिलाई कितीही सरळ असो, चूण दिसणारच.

आता मुख्य अडचण. स्वेटर कापला की घरं सुटायला लागतात. इंटरलॉक मशीन असेल तर प्रश्न नाही. नसेल तर खडूने रेघ मारा आणि कापायच्या आधी रेघेच्या आतून जवळजवळ दोन शिलाया मारा, मग रेघेवर कापा. साध्या काळ्या मशीनवर हे होतं. पण त्याहून चांगला उपाय तुमच्या गावात आधीच आहे. साडीला पिको करून देणारी ताई तुम्हाला माहीत असेलच. पिकोचं मशीन म्हणजे झिगझॅग मशीनच. टाका थोडा रुंद आणि लांब करून घेतला की स्वेटरच्या कडा त्यावर छान बांधल्या जातात आणि ती शिवण ताणली तरी तुटत नाही. साधी सरळ शिलाई ताणाला तुटते. माझ्या पहिल्या लॉटमधल्या सात बंड्या याच कारणाने परत आल्या. आई मुलाच्या डोक्यातून घालायला जायची आणि खांद्याला कडकड आवाज.

सुई बॉल पॉइंट घ्या, १४ नंबर, जाड स्वेटरला १६. नेहमीची टोकदार सुई धागा फोडते आणि दोन धुण्यांनंतर शिवणीशेजारी बारीक भोकं दिसू लागतात. फूटचा दाब एक-दोन फेरे सैल करा. तरीही शिवण लाटेसारखी होत असेल तर खाली कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर कागद फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई फिक्या रंगाला लागते.

गळ्याला आणि मुंड्यांना जुन्या सुती साडीची तिरकी पट्टी. खूप सुंदर दिसतं. गळ्याला ती सुती पट्टी ताणणार नाही, म्हणून एका खांद्यावर दोन बटणं द्या म्हणजे डोकं सहज जाईल.

रंगाबद्दल मी फार शिकवत नाही, कारण आपल्या आजीला हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. वाकळीत तिने कुठला तुकडा कुठे लावला ते बघा. एवढंच सांगते : एक गडद रंग पाया म्हणून घ्या. शाळेचे स्वेटर यासाठी उत्तम. मरून, नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन, भरपूर मिळतात आणि मुलं दर वर्षाला वाढतात म्हणून कोपर सोडलं तर शाबूत असतात. त्यावर दोन भडक रंग, राणी आणि लिंबू, किंवा मोरपंखी आणि केशरी. आणि त्यातला एक रंग परत कुठेतरी छोटा दिसला पाहिजे, खिशाला किंवा बटणाला. सगळेच भडक घेतले तर लोक म्हणतात उरलेल्या तुकड्यांचं आहे. पाया एकसारखा असला की म्हणतात डिझाइन आहे.

माझ्या वहीतलं पहिलं पान

पहिल्या वर्षी मी ४० बंड्या शिवल्या. उत्साह फार होता. एका बंडीला तीन स्वेटर, ३० रुपयांप्रमाणे ९० रुपये. साबण-पाणी ८. धागा, बटणं १५. वीज २. रोख खर्च ११५ रुपये. विकायची किंमत २००. म्हटलं, ८५ रुपये सुटतात, अजून काय पाहिजे!

संक्रांतीपर्यंत २३ विकल्या गेल्या. त्यांचे आले ४,६०० रुपये. आणि ४० बंड्यांचा रोख खर्च किती? ४० गुणिले ११५, बरोबर ४,६००. मी घरी सांगितलं, तोटा नाही, १७ बंड्या शिल्लक म्हणजे तोच नफा.

मग एके दिवशी सहज वेळ मोजली. एका बंडीला धुण्यापासून बटणापर्यंत सव्वादोन तास लागत होते. ४० बंड्यांचे ९० तास. त्या ९० तासांत दुकानात बसून पिको-फॉल केलं असतं तर तासाला ६० रुपये तरी सुटले असते. म्हणजे ५,४०० रुपये मी स्वतःच्या खिशातून दिले आणि मला कळलंसुद्धा नाही. ६० रुपये तास धरला तर एक बंडी मला २५० ला पडत होती आणि मी ती २०० ला विकत होते. जितक्या जास्त विकल्या असत्या तितका तोटा जास्त! उरलेल्या १७ पैकी चार पुढे उंदरांनी कुरतडल्या, ते वेगळंच.

बीबीएमध्ये कॉस्टिंगचा अख्खा पेपर दिला होता बरं का मी. पण स्वतःच्या हाताची मजुरी लिहायला आपला हात जात नाही. बायकांचा तर मुळीच नाही. "घरीच तर बसली असते" असं म्हणून आपण ते तास सोडून देतो. माल जुना आहे म्हणून फुकट वाटतो, पण स्वेटरच्या धंद्यात खर्च मालाचा नसतोच, तो वेळेचा असतो. नवीन कापडाचा ताका कात्रीने सरळ कापत जायचा असतो. जुना स्वेटर आधी धुवा, वाळवा, बटणं काढा, उसवा, डाग बघा, भोकं बघा, जाडी जुळवा, रंग जुळवा आणि मग कात्री.

दुसऱ्या वर्षी दोनच गोष्टी बदलल्या. एक, बंडी एक-एक करून शिवणं बंद. एक दिवस फक्त धुणं, एक दिवस फक्त कापणं, मग इंटरलॉक, मग शिलाई. वेळ एक तास वीस मिनिटांवर आली. दोन, तीन स्वेटरांतून दोन बंड्या काढायला शिकले. पहिलीला एका स्वेटरची बॉर्डर, दुसरीला दुसऱ्याची, आणि मधल्या-वरच्या पट्ट्या अदलाबदल. आता माल ४५, धुणं ६, धागा-बटणं १२, वीज २, मजुरी ८०, पिशवी आणि बाजारातली जागा धरून ५. एकूण १५०. विक्री २२०. मजुरी सुटून वर ७० रुपये. हे आकडे माझे आहेत, तुमच्या गावचे वेगळे येतील. पण रकाने हेच ठेवा आणि मजुरीचा रकाना रिकामा सोडू नका.

रफू

आता जे सांगणार आहे ते व्हिडिओत सांगायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्याच वर्षी आठवडी बाजारात एक मावशी नातवासाठी बंडी बघत होत्या. राखाडी आणि मरून रंगाची. विचारलं, "जुन्याचं त नाही न व बाई?"

आपल्याकडे लोकांना कोणाचं अंगावरचं घालायला आवडत नाही, हे मला माहीत होतं. गेलेल्या माणसाचं तर नाहीच नाही. समोर गिऱ्हाईक, मागे ढीग. मी म्हटलं, "नाही मावशी, नवीन माल आहे."

त्यांनी बंडी उलटी केली. आतून एका ठिकाणी बोट ठेवलं आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे रफू माह्या हातचं हाये."

त्यांच्या मालकांचा स्वेटर होता तो. माणूस जाऊन वर्ष झालं होतं आणि सुनेने गाठोडं भांडेवालीला दिलं होतं. मी काय बोलणार? पैसे नको म्हटलं. त्यांनी घासाघीस न करता पूर्ण पैसे दिले, बंडी घेतली आणि जाताना म्हणाल्या, "जुनं हाये याचा राग नाही. खोटं काहून बोलली?"

त्या रात्री मी उरलेल्या सगळ्या बंड्यांना आतून एक चिठ्ठी शिवली : जुन्या स्वेटरपासून, धुऊन, उन्हात वाळवून, नव्याने शिवलेली. विक्री कमी होईल असं वाटलं होतं. पहिल्या बाजारी झालीही. काही जणींनी चिठ्ठी वाचून बंडी परत ठेवली. पण ज्यांनी घेतली त्या पुढच्या वेळी जाऊबाईला घेऊन आल्या. आणि नीट विचार केला तर आपल्याच घरात बाळाची पहिली दुपटी जुन्या धोतराची, जुन्या लुगड्याची असतात, कारण ते मऊ असतं. वाकळ-गोधडी जुन्याचीच. त्या गोधडीत आपण आनंदाने झोपतो, कारण कोणाचं लुगडं आहे ते माहीत असतं. अडचण जुन्याची नव्हती, अनोळखीची होती.

तीन आठवड्यांनी त्या मावशी दुकानात आल्या. पिशवीत दोन स्वेटर. "याचंही नातवाले करून दे. पण मले बसून पाहायचं हाये." बसल्या, पाहिलं, दोनदा मला थांबवून तुकडा बदलायला लावला. शिलाईचे मी १५० रुपये घेतले.

तिथून धंदा बदलला

घरी येऊन तो १५० चा हिशोब मांडला आणि मीच चकित झाले. माल गिऱ्हाइकाचा, माझा खर्च शून्य. धुणं, धागा, बटणं, वीज, पिशवी मिळून २५. वेळ बोलण्यासकट दीड तास, मजुरी ९०. एकूण ११५, वर सुटले ३५. बाजारातल्या बंडीवर ७० सुटतात, मग हे कमी नाही का? एका नगावर कमीच आहे. पण इथे एकही बंडी शिल्लक राहत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पैसा अडकत नाही, उंदीर नाही, ढीग नाही. ५० रुपये आधी हातात येतात. आणि "जुन्याचं आहे का" हा प्रश्नच संपतो, कारण जुनं त्यांचंच आहे आणि त्यांना ते जुनं आहे म्हणूनच हवं आहे.

आज माझं हिवाळ्याचं निम्म्याहून जास्त काम हे असं आहे. आजोबांच्या स्वेटरची नातवाला बंडी. मुलीच्या शाळेच्या स्वेटरची तिच्याच बाळाला कुंची. कुंची पूर्वी खणाची, सुती असायची. अ‍ॅक्रिलिकची शिवताना आत जुन्या सुती साडीचं अस्तर लावाच, नाहीतर बाळाच्या मानेला टोचतं. आणि सगळ्यात जास्त पैसे देणारं काम म्हणजे गोधडी. आठ-नऊ स्वेटरांचे चौकोन, खाली सुती साडी. सहा तास लागतात. मजुरी ३६०, साडीची पाठ आणि धागा धरून १२०, एकूण ४८०. मी ६५० घेते.

गोधडी शिवताना घरगुती मशीनखाली एवढं जाड कापड फिरवणं त्रासाचं होतं. मग चौकोन मशीनवर जोडा, पण पाठ हाताने टाचा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंडी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोल-गोल आत मध्यापर्यंत येतात. स्वेटरला ही पद्धत फार जमते, कारण कडा आधी पक्क्या झाल्या की आतलं ताणलेलं कापड पळत नाही. त्या चारही कोपऱ्यांना रंगीत तिकोनी घडी लावतात, तिला फुला म्हणतात आणि त्याशिवाय गोधडी पूर्ण मानत नाहीत. मी एकाच कोपऱ्याला लावते, वेळ वाचवायला. हे बरोबर नाही, मला माहीत आहे.

तयार मालाचं मी एकच ठेवलं आहे : मोठ्या माणसांची रात्रीची बंडी. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाईन असली की माणूस बारा-एकला शेतात जातो. त्याला बाहीचा स्वेटर नको असतो, बाही भिजते. बिनबाहीची, लांब, शाळेच्या स्वेटरच्या गडद रंगाची बंडी, छातीवर एक रंगीत पट्टा म्हणजे अंधारात बॅटरी मारली की दिसतो, आणि उजव्या हाताला बॅटरीपुरता खोल खिसा. खिशाची कल्पना माझी नाही, एका गिऱ्हाइकाने हट्टाने लावून घेतली. आता खिशाशिवाय कोणी मागत नाही. ३५० ला जाते. चिठ्ठी त्यातही असते, पण ती आजवर कोणी वाचलेली मी पाहिली नाही!

कर्जाचं दर वेळी विचारतात म्हणून थोडक्यात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज आहे. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी कर्ज अशी तिची रचना आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. पण माझं मत विचाराल तर पहिले पन्नास नग होईपर्यंत कर्ज नको. पिकोवालीला नगामागे पैसे द्या, इंटरलॉक मशीन नंतर घ्या. मीही जुनंच घेतलं, तेही तिसऱ्या वर्षी.

वेळापत्रक आपल्या शेतीप्रमाणे बसवा. गोळा करणं आणि धुणं एप्रिल-मे. कापणी-शिलाई पेरणी आटोपल्यावर, जुलै ते सप्टेंबर. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणीला आलं की शिवायला बाई मिळत नाही, त्यामुळे तोवर तयार माल झालेला असावा. दिवाळीला सोयाबीनचे पैसे हातात येतात, तेव्हा दुकानाबाहेर दोन नमुने टांगा : एक बंडी, एक गोधडी. खाली पाटी, "तुमच्या घरचे स्वेटर आणा".

या आठवड्याचा गृहपाठ. घरातलाच एक स्वेटर घ्या, विकत आणू नका. धागा जाळून बघा, धुवा, त्याच्या दोन बाह्यांचा बाळाचा पायजमा शिवा. सुरू करताना घड्याळ बघा, मध्ये फोन आला, कुकर लावायला उठलात तर तेही लिहा. संपल्यावर एकूण मिनिटं वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत कुंचीची कापणी दाखवते, तेव्हा तो आकडा लागणार आहे.